ठरतो की होतो? पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवते. बुधवारच्या अभ्यासगटासाठी एक छोटी पुस्तिका करायची असं पाळकसाहेबांशी बोलून नक्की झालं, साधारण ३२ पानं, ३१ ऑक्टोबरच्या आत हातात हवी. विषय सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याच्या माणसांमध्ये 'विश्वासाने नीतिमान ठरणं' यावरून आपापसात झालेली भांडणं. रोमबरोबरचं, म्हणजे पोपच्या चर्चबरोबरचं, भांडण सगळ्यांना माहीत असतं, ९५ मुद्दे आणि विटेनबर्गचं दार वगैरे, पण ल्यूथर गेल्यावर त्याचेच विद्यार्थी तीस वर्षं एकमेकांशी याच एका शिकवणीवरून भांडत होते हे आमच्या गटात कोणाला माहीत नव्हतं, मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं.

आपण नगरकडची मंडळी तशी ल्यूथरन नाही, आपल्याकडे अमेरिकन मिशन आलं, त्यामुळे ल्यूथर आपल्यापर्यंत दुसऱ्यांच्या हातून पोचला. पण शब्द तोच आहे. बायबलमधलं रोमकरांस पत्र उघडलं की 'नीतिमान ठरतो' पानापानावर आहे आणि लहानपणापासून ते वाचताना मी कधी थांबले नाही. थांबायला लावलं ते गटातल्या एका मुलीने, कॉलेजात आहे, तिने विचारलं की ताई, आपण नीतिमान ठरतो म्हणजे देव फक्त म्हणतो की खरंच होतो? कोणीच उत्तर दिलं नाही. मी घरी येऊन जर्मन पुस्तकं काढली आणि रात्री दीडपर्यंत बसले, कारण तिने जे विचारलं ना, अगदी तेच १५५० साली क्योनिग्सबेर्गमध्ये विचारलं गेलं होतं.

१६ जून

पहिला भाग ल्यूथरचा, तो मुद्दाम छोटा ठेवतेय. १५४५ साली, मरायच्या एक वर्ष आधी, त्याने आपल्या लॅटिन ग्रंथांना प्रस्तावना लिहिली त्यात तो सांगतो की 'देवाचं नीतिमत्त्व' हा शब्द मला नकोसा झाला होता, कारण मी तो शिक्षा करणारं नीतिमत्त्व असा समजत होतो, आणि मग रोमकर १:१७ वर रात्रंदिवस विचार करता करता कळलं की हे देव ज्याने शिक्षा करतो ते नाही, देव जे देतो ते आहे. तेव्हा दारं उघडली आणि आपण स्वर्गात शिरलो असं वाटलं, असं तो म्हणतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी.

'केवळ' या शब्दाची गोष्ट मात्र नीट घेतली आहे. रोमकर ३:२८ च्या जर्मन भाषांतरात त्याने 'केवळ विश्वासाने' असं लिहिलं, मूळ ग्रीकमध्ये 'केवळ' नाही, त्यावरून टीका झाली. १५३० मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यात बसून त्याने भाषांतराबद्दल एक खुलं पत्र लिहिलं, त्यात म्हणतो की जर्मन माणूस दोन गोष्टींपैकी एक हो आणि एक नाही म्हणतो तेव्हा 'फक्त' लावतोच, शेतकऱ्याने फक्त धान्य आणलं, पैसे नाही. आणि भाषा शिकायची तर घरातल्या आईला, रस्त्यावरच्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारावं. मराठीतही अगदी तसंच आहे, 'फक्त ज्वारी आणली, पैसे नाही आणले' असंच आपण म्हणतो. हे वाक्य जसंच्या तसं पुस्तिकेत गेलं.

याकोबाच्या पत्राचा प्रश्न येणारच, तिथे २:२४ मध्ये 'केवळ विश्वासाने नव्हे' असं सरळ लिहिलंय. १५२२ च्या प्रस्तावनेत ल्यूथरने त्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं होतं. मला ते पटत नाही, पण लपवणारही नाही. एक चौकट करून टाकली.

२५ जून

आज मुद्दाम बसले, १५३० मध्ये याच दिवशी आउग्सबुर्गला बादशहा पाचव्या चार्ल्ससमोर कन्फेशन, म्हणजे ल्यूथरच्या बाजूची विश्वासाची कबुली, वाचलं गेलं. लिहिलेलं ल्यूथरचा सहकारी मेलांख्टनने. चौथं कलम आपल्या विषयाचं, अगदी चार ओळींचं. मी आधी जर्मनवरून भाषांतर केलं, मग लॅटिनशी ताडून बघायला बसले आणि तिथेच अडकले.

लॅटिन म्हणतं, माणसं स्वतःच्या बळाने, पुण्याईने किंवा कर्मांनी देवासमोर नीतिमान ठरू शकत नाहीत, ख्रिस्तामुळे विश्वासाच्या द्वारे फुकट नीतिमान ठरतात, आणि हा विश्वास देव नीतिमत्त्व म्हणून गणतो. जर्मन म्हणतं, आपल्याला पापांची क्षमा मिळते आणि आपण देवासमोर नीतिमान 'होतो', जर्मन क्रियापद सरळ 'वेर्डन' आहे, होणं. दोन्ही मजकूर त्याच दिवशी दिलेले, दोन्ही अधिकृत, कोणी कोणाचं शब्दशः भाषांतर नाही. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नातले दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी कागदावर होते आणि कोणाला त्यात अडचण वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी, १५३१ ला, मेलांख्टनने त्या कन्फेशनचा बचाव लिहिला, त्याला अपॉलॉजी म्हणतात, नावावरून माफी वाटेल पण माफी नाही, बचाव आहे. तिथे तो स्वच्छ लिहितो की नीतिमान ठरणं म्हणजे अनीतिमानाचा नीतिमान केला जाणं, नव्याने जन्मणं, आणि शास्त्रात त्याचा अर्थ नीतिमान म्हणून जाहीर केला जाणं असाही आहे. दोन्ही. एकाच परिच्छेदात.

मग मराठीत काय लिहू? दोन रकाने केले. एकात ठरणं, ठरवणं, गणणं, जाहीर करणं. दुसऱ्यात होणं, करणं, घडवणं. आता प्रत्येक माणसाचं वाक्य आलं की कुठल्या रकान्यात जातं ते बघायचं. पुस्तिकेचा सांगाडाच बदलला, आधी मी सालांप्रमाणे लावणार होते, आता क्रियापदांवर लावतेय.

७ जुलै, रविवार

आंद्रेआस ओझियांडर. या माणसावर तीन आठवडे गेले तरी चालेल असं वाटतंय.

न्युरेंबर्गच्या संत लोरेंझ देवळात १५२२ पासून उपदेशक, हिब्रूचा पक्का, तापट. ट्युटॉनिक ऑर्डर या लढाऊ धर्मसंघाचा प्रशियातला शेवटचा मुख्य आल्ब्रेख्ट न्युरेंबर्गला आला असताना याचे उपदेश ऐकून बदलला, आणि १५२५ मध्ये ऑर्डरची जमीन साध्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या राज्यात, बदलून प्रशियाचा पहिला ड्यूक झाला. याच्या बायकोची भाची पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या थॉमस क्रॅन्मरने १५३२ मध्ये केली. आणि १५४३ मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक न्युरेंबर्गला छापलं जात होतं त्याला बिननावाची प्रस्तावना जोडणारा हाच. तिथे त्याने लिहिलंय की ही गृहीतकं खरी असायची गरज नाही, संभाव्यसुद्धा असायची गरज नाही, गणित निरीक्षणाशी जुळलं की पुरे.

मी हे वाचून उठून फेऱ्या मारल्या. कारण सात वर्षांनी हाच माणूस नीतिमत्त्वाबद्दल बरोबर उलटं म्हणतो, नुसतं गणून पुरत नाही, खरंच असलं पाहिजे.

१५४८ ला बादशहाने आउग्सबुर्ग इंटरिम लादलं, युद्धात हरलेल्या प्रोटेस्टंटांना बरेच जुने विधी परत घ्यायला लावणारा हुकूम, न्युरेंबर्ग कौन्सिल झुकलं आणि ओझियांडर शहर सोडून निघाला. १५४९ च्या जानेवारीत क्योनिग्सबेर्गला पोचला, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. ड्यूकने त्याला चर्च दिलं आणि १५४४ ला सुरू केलेल्या नव्या विद्यापीठात धर्मशास्त्राची जागाही दिली, पदवी नसताना. बाकीच्या प्राध्यापकांना ते तेव्हाच झोंबलं.

२४ ऑक्टोबर १५५० ला त्याने नीतिमान ठरण्यावर जाहीर वादसभा घेतली. त्याचं म्हणणं माझ्या शब्दात: ख्रिस्ताने दीड हजार वर्षांपूर्वी क्रुसावर जे केलं ती सुटका, ती सगळ्यांसाठी, आपण जन्मायच्या आधीची. पण नीतिमान ठरणं ही वेगळी गोष्ट, ती आज, माझ्यात. विश्वासाने ख्रिस्त आत येऊन राहतो, त्याचा देवपणा आत येतो, आणि तो देवपणाच माझं नीतिमत्त्व. माझं पाप त्याच्यापुढे समुद्रात एक थेंब. देव मला नीतिमान म्हणतो कारण माझ्यात खरंच नीतिमत्त्व राहायला आलंय, देव खोटं बोलत नाही. आणि जे शिकवतात की आपण फक्त क्षमेमुळे नीतिमान गणले जातो, आत राहणाऱ्या ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे नाही, ते बर्फाहून थंड शिकवण देतात.

बर्फाहून थंड. मला मान्य करावं लागतं की या माणसाला काहीतरी खरं दिसलं होतं.

१० जुलै

बाबांना मसुदा वाचायला दिला होता. बाबा आयुष्यभर पतसंस्थेत हिशेबनीस होते, कीर्द आणि खतावणी हाताने लिहायचे, अजूनही घरखर्चाची वही तशीच आहे, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मी त्यांना मुद्दाम विचारलं, कारण रोमकर ४ मध्ये अब्राहामाचा विश्वास 'नीतिमत्त्व असा गणण्यात आला' तिथला ग्रीक शब्द हिशेबाचाच आहे आणि लॅटिनमधला 'इम्पुतारे' पण. एखाद्याच्या खाती लावणं.

बाबा म्हणाले, "अगं, तिजोरीत काही नाही आणि वहीत जमा दाखवलं, तर ती खोटी नोंद. ऑडिटर पहिली तीच पकडेल. तुझा हा ओझियांडर बरोबर बोलतोय."

मी म्हटलं बाबा, पण जामीनदाराने भरले तर?

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले की जामीनदाराने भरले तर कर्जदाराचं खातं बेबाक होतं, त्याला बेबाकीचा दाखला द्यावाच लागतो आणि तो दाखला खोटा नसतो, पैसे खरंच आलेत, फक्त त्याच्या खिशातून नाही आले. असे दाखले मी स्वतःच्या हाताने लिहिलेत म्हणाले.

मी एकदम लिहूनच घेतलं. मेलांख्टनची बाजू हीच आहे, नोंद खरी आहे कारण भरणा खरा आहे, भरणा माझ्या बाहेर झालाय. ल्यूथर याला परकं नीतिमत्त्व म्हणायचा, आपल्या बाहेरचं. पण बाबा तिथे थांबले नाहीत, जेवताना परत म्हणाले, "पण दाखला मिळाला म्हणून तो माणूस सुधारला का? त्याला मी परत कर्ज दिलं असतं का?" आणि बराच वेळ कोणाची तरी आठवण काढत असल्यासारखे गप्प बसले.

२१ जुलै

क्योनिग्सबेर्गचं भांडण. हा भाग लिहिताना मन जड झालं.

योआखिम म्योर्लिन क्नाइपहोफ बेटावरच्या मोठ्या देवळात पाळक होता, तेच देऊळ जिथे तत्त्वज्ञ कांटची कबर आहे. म्योर्लिनने सुरुवातीला दोन्ही बाजूंना जुळवायचा प्रयत्न केला, १५५१ मध्ये मात्र तो व्यासपीठावरून ओझियांडरच्या विरोधात उभा राहिला. एका गावात दोन व्यासपीठं, रविवारी सकाळी लोकांनी कुठलं खरं मानायचं? त्यात फ्रांचेस्को स्टांकारो नावाचा इटालियन हिब्रूचा शिक्षक थोडे महिने तिथे आला आणि त्याने दुसरं टोक पकडलं, ख्रिस्त मध्यस्थ आहे तो फक्त मानवी स्वभावाने, देवपणाने नाही. म्हणजे एक म्हणतो फक्त देवपण, दुसरा म्हणतो फक्त माणूसपण.

ड्यूकने बाहेरची मतं मागवली. मेलांख्टन विरोधात. आणि ल्यूथरचा कडवा अनुयायी माथियास फ्लाकियस पण विरोधात, हे महत्त्वाचं, कारण फ्लाकियस आणि मेलांख्टन यांचं तेव्हा इंटरिमवरून हाडवैर होतं, फ्लाकियस त्याच्यामुळे विटेनबर्ग सोडून माग्देबुर्गला गेलेला, तरी या एका गोष्टीत दोघं एका बाजूला. त्यांची भीती एकच होती. माझं नीतिमत्त्व माझ्या आत आहे असं म्हटलं, मग ते देवाचं का असेना, तर मी मरणाच्या दारात आत बघणार, आणि आत मला काय दिसणार? संशय दिसणार, राग दिसणार. मग दिलासा कुठून आणू? विश्वास बाहेर बघतो, क्रुसाकडे बघतो, म्हणून टिकतो.

व्युर्टेंबर्गच्या योहानेस ब्रेंत्सने मात्र सौम्य उत्तर दिलं, दोन्ही बाजू बऱ्याच अंशी शब्दांवरून भांडतायत असं त्याचं मत. त्याचं कोणी ऐकलं नाही.

ओझियांडर १७ ऑक्टोबर १५५२ ला गेला. ड्यूक त्याच्याच बाजूने राहिला आणि म्योर्लिनला १५५३ मध्ये हाकललं. ओझियांडरचा जावई योहान फुंक दरबारी उपदेशक म्हणून चढत गेला, राजकारणात गुंतला, आणि २८ ऑक्टोबर १५६६ ला त्याच शहरात त्याचा शिरच्छेद झाला. कारणं मुख्यतः सत्तेची होती, शिकवणीची कमी, हे मी स्पष्ट लिहिलंय, नाहीतर लोकांना वाटेल एका क्रियापदावरून मान गेली. म्योर्लिनला पुढच्याच वर्षी परत बोलावून झामलंडचा, म्हणजे त्याच भागाचा, बिशप केलं.

११ ऑगस्ट

मेजर आणि आम्सडॉर्फ. दोन पानांत संपवते.

गेओर्ग मेजर विटेनबर्गचा, १५५२ च्या सुमारास म्हणाला की तारणासाठी सत्कर्मं आवश्यक आहेत. त्याला कर्मांनी तारण कमवायचं होतं असं नाही, लोकांनी विश्वासाच्या नावाखाली वाटेल तसं वागू नये एवढीच त्याची काळजी. पण वाक्य असं होतं की इंटरिमच्या जखमेवर मीठ. निकोलाउस फॉन आम्सडॉर्फ, ल्यूथरचा जुना दोस्त, तो चिडून १५५९ मध्ये म्हणाला की सत्कर्मं तारणाला हानिकारक आहेत. त्याला म्हणायचं होतं की कर्मांवर भरवसा ठेवणं हानिकारक, पण लिहिलं ते हे.

मला दोघांचंही वाईट वाटतं. भांडणात माणूस आपल्या बाजूचं सगळ्यात कडक वाक्य शोधतो आणि मग आयुष्यभर त्यालाच बांधला जातो. १५७७ मध्ये फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड या ल्यूथरनांच्या समेटाच्या मसुद्यात दोन्ही वाक्यं नाकारली गेली: सत्कर्मं आवश्यक आहेत, पण 'तारणासाठी' हे शब्द जोडू नका, आणि हानिकारक पण म्हणू नका. आमच्या गटात एक काका आहेत, दर महिन्याला पेन्शनमधून गुपचूप दोन मुलांची फी भरतात, ते या पानावर काय म्हणतील याची मला उत्सुकता आहे.

१ सप्टेंबर

फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड, तिसरं कलम. सगळ्यात अवघड भाषांतर, चार रविवार गेले.

१५७७ मध्ये माग्देबुर्गजवळच्या बेर्गेन मठात हा मसुदा पक्का झाला, याकोब आंद्रेए, मार्टिन खेम्नित्स, सेल्नेकर, खित्रेउस वगैरे सहा जण. खेम्नित्सबद्दल एक गोष्ट कळली आणि सगळं जोडलं गेलं: भांडण पेटलं तेव्हा तो क्योनिग्सबेर्गमध्येच होता, ड्यूकचा ग्रंथपाल म्हणून. म्हणजे तिसरं कलम लिहिणाऱ्यांपैकी एकाने ते सगळं डोळ्यांनी बघितलेलं, आणि तरी पंचवीस वर्षांनी लिहिताना भाषा शांत आहे.

कलम काय म्हणतं? ख्रिस्त आपलं नीतिमत्त्व आहे ते ना फक्त देवपणाने ना फक्त माणूसपणाने, तर पूर्ण ख्रिस्त, दोन्ही स्वभावांसह, त्याने जन्मापासून मरणापर्यंत पाळलेल्या आज्ञापालनात. हे आज्ञापालन आपल्या खाती गणलं जातं. 'नीतिमान ठरवणं' इथे म्हणजे पापांपासून मोकळं आहे असं जाहीर करणं. आणि मग ओझियांडरचं काय? त्याला पूर्ण फेकलेलं नाही. देव विश्वासणाऱ्यांच्या आत राहतो हे कलम ठामपणे मानतं, फक्त म्हणतं की ते आत राहणं म्हणजे ते नीतिमत्त्व नव्हे ज्याच्यामुळे आपण नीतिमान ठरतो, ते त्याच्या मागून येतं. आधी ठरणं, मग राहायला येणं.

अपॉलॉजीतल्या त्या 'केला जाणं, नव्याने जन्मणं' या वाक्याचंही त्यांना काहीतरी करावं लागलं. ते म्हणतात की जुन्या लिखाणात 'नवा जन्म' हा शब्द कधी कधी ठरवण्याच्याच अर्थाने आलाय. मला ही ओढाताण वाटते. मेलांख्टनने दोन्ही अर्थ दिले होते, यांनी एक ठेवला. का ठेवला ते कळतं, घाबरलेल्या माणसाला अर्धवट उत्तर देऊन चालत नाही, पण दुसरा रकाना रिकामा केल्यावर काहीतरी हरवलं असं वाटत राहतं.

२५ जून १५८० ला, आउग्सबुर्गला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, सगळं एका ग्रंथात ड्रेस्डेनला प्रसिद्ध झालं. आठ हजारांवर पाळक आणि शिक्षकांच्या सह्या. न्युरेंबर्गने सही केली नाही. ओझियांडरसाठी नाही, त्यांची कारणं वेगळी होती.

१० सप्टेंबर

डीटीपीवाले गणपतीत बंद. अनंत चतुर्दशीनंतर या म्हणाले. तोवर शब्दसूची: नीतिमत्त्व, गणणं, परकं नीतिमत्त्व, वास करणं, वादसभा, इंटरिम. जर्मन नावांचे उच्चार मी जर्मन पद्धतीने ठेवतेय, बाबांना 'खेम्नित्स' आवडत नाही, 'केमनिट्झ' लिही म्हणतात. ठेवणार मी खेम्नित्सच.

२२ सप्टेंबर, रविवार

शेवटचा भाग, विसावं शतक. टाकावा की नाही यावर पाळकसाहेबांशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले टाक, नाहीतर लोक म्हणतील जुनी मढी उकरली.

तर १९६३ मध्ये हेलसिंकीत लूथरन वर्ल्ड फेडरेशन या ल्यूथरन चर्चांच्या जागतिक संघटनेचं चौथं अधिवेशन झालं, नीतिमान ठरणं आजच्या माणसाला कसं सांगायचं यावर एक निवेदन करायचं होतं, आणि जगभरातले ल्यूथरन एकत्र बसूनही ते मंजूर करू शकले नाहीत. आपल्या मुख्य शिकवणीवर. त्याच हेलसिंकीत पुढे सत्तरच्या दशकात फिनलंडचा धर्मशास्त्रज्ञ तुओमो मानेरमा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चबरोबरच्या चर्चेची तयारी करता करता ल्यूथर परत वाचायला बसला, आणि बायबलमधल्या गलतीकरांस पत्रावरच्या त्याच्या १५३५ च्या भाष्यात त्याला वाक्य दिसलं की विश्वासातच ख्रिस्त हजर असतो. तो म्हणाला, बघा, ल्यूथरमध्ये ठरवणं आणि आत राहणं वेगळं करता येत नाही. लगेच उलट आरोप झाला की हा ओझियांडर परत आला. मानेरमाच्या बाजूचे म्हणतात नाही, ओझियांडरने फक्त देवपण घेतलं आणि क्रूस मागे टाकला, आम्ही पूर्ण ख्रिस्त घेतो. मला हे उत्तर बऱ्यापैकी पटतं.

मग १९९९. ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्गमध्येच रोमन कॅथलिक चर्च आणि लूथरन फेडरेशनने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ४४ परिच्छेद आहेत, आणि त्यातला एक पोटविभाग असा आहे: नीतिमान ठरणं म्हणजे पापांची क्षमा आणि नीतिमान करणं. दोन्ही रकाने एका मथळ्यात! रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ ला म्हटलेलं की हे फक्त क्षमा नाही, आतल्या माणसाचं नवीकरणही आहे, त्यावरून साडेचारशे वर्षं दोन बाजू उभ्या होत्या. सह्यांच्या आधी १९९८ मध्ये जर्मनीतल्या शंभराहून जास्त प्रोटेस्टंट धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी जाहीर विरोध केला होता, एबरहार्ड युंगेल, गेर्हार्ड एबेलिंग यांच्यासारखे मोठे लोक, 'केवळ विश्वासाने' यात पातळ झालं म्हणून. मी त्यांची बाजू पूर्ण पान देऊन मांडली आहे. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही त्या विरोधावर सही केली असती, आणि मग ३१ तारखेला चर्चमध्ये बसून रडले पण असते.

९ ऑक्टोबर, बुधवार

गटात कच्ची प्रत वाचली. काका सत्कर्मांच्या पानावर काहीच बोलले नाहीत, फक्त ते पान परत मागून घेतलं आणि खिशात ठेवलं.

चर्चा 'ठरणं' वर अडली. कॉलेजवाली मुलगी म्हणाली ताई, कोर्टात निर्दोष ठरला म्हणजे खरंच निर्दोष असतो असं थोडंच आहे? तेव्हा मागच्या रांगेतल्या मावशी, ज्या एरवी गाणी सांगण्यापुरत्याच बोलतात, त्या म्हणाल्या, "अगं, लग्न ठरलं म्हणतो ना आपण? ठरलं की मुलगी त्या घरची झाली. अजून गेली नसते, डबे भरायचे असतात, पण सासरी कोणी आजारी पडलं तर हिचा जीव वरखाली होतो. ठरलं तिथूनच सुरू होतं."

मी काही बोलूच शकले नाही. कारण ल्यूथरने १५२० मध्ये, ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेत, हेच लिहिलंय: विश्वास आत्म्याचं ख्रिस्ताशी लग्न लावतो, जसं नवरीचं नवऱ्याशी, आणि मग जे त्याचं ते हिचं, जे हिचं ते त्याचं, तिचं पाप तो घेतो, त्याचं नीतिमत्त्व तिला मिळतं. तो याला आनंदाची अदलाबदल म्हणतो. तिथे हिशेब पण आहे आणि एकत्र राहणं पण आहे, ओझियांडर आणि मेलांख्टन दोघांनी एकेक टोक ओढून नेण्याआधीचं. मावशींनी ते वाचलेलं नाही. मी घरी येऊन त्यांचं वाक्य आणि ल्यूथरचं वाक्य समोरासमोरच्या पानांवर लावलं. त्यांना विचारून, नाव न घालता.

आणि मराठी क्रियापदाबद्दल आणखी एक सुचलं. 'अंदाज खरा ठरला' म्हणतो तेव्हा कोणी जाहीर केलेलं नसतं, तो खरा निघालेला असतो. म्हणजे आपल्या 'ठरणं' मध्ये निकाल पण आहे आणि निघणं पण. जर्मनला हे एका शब्दात जमलं नाही. ज्याने कोणी मराठी पवित्र शास्त्रात पहिल्यांदा हा शब्द घातला त्याचे मी मनापासून आभार मानते.

२० ऑक्टोबर

प्रेसला उद्या द्यायचं. दिवाळी वसूबारसला सुरू होतेय २८ ला, त्याच्या आधी छापून मिळेल असं ते म्हणालेत. ३२ ची ३६ पानं झाली.

शेवटच्या प्रुफात बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा. बहुतेक ऱ्हस्वदीर्घ. पण जामीनदाराच्या उदाहरणाच्या पानावर, जिथे मी लिहिलं होतं 'खातं बेबाक होतं, कर्जदार मात्र तसाच राहतो', तिथे त्यांनी शेवटचे शब्द खोडलेत आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय: एक जण तसा राहिला नव्हता. १९८६ साली. रोज संध्याकाळी पतसंस्थेत येऊन बसायचा, कोणी न बोलावता, लोकांचे फॉर्म भरून द्यायचा.

मी विचारलं कोण होता. म्हणाले, नाव नको घालूस. जामीनदार कोण होता हे मी विचारलं नाही, ते त्यांनी आपणहून सांगितलं नाही, पण त्या वर्षी आमच्या घराचं वरच्या मजल्याचं काम थांबलं होतं हे मला आठवतं.

दुरुस्ती घेतली. पान २७.